४७ दिवसांचे ओळखपत्र

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा एकेकाळी रासायनिक कारखान्यांची धुरांडी दिसत. आज त्याच रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या, बाहेरून गोदामासारख्या वाटणाऱ्या उंच इमारती उभ्या आहेत. ही डेटा सेंटर्स. समुद्राखालून आलेल्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतात, औद्योगिक वसाहतीत वीज आणि जागा मिळते, आणि देशातील बड्या बँका व शेअर बाजार हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे हा उद्योग येथे रुजला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिल्यावर त्याला आणखी बळ मिळाले. स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र बेलापूरला, रिझर्व्ह बँकेचे डेटा सेंटर खारघरला. पनवेलजवळ योट्टा कंपनीचे अवाढव्य केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. देशाची माहिती देशातच, हे धोरण प्रत्यक्षात कसे दिसते ते पाहायचे असेल तर नवी मुंबईसारखे ठिकाण नाही.

या इमारतींची सुरक्षा डोळ्यांत भरावी अशी असते. पहारे, बोटांचे ठसे, कॅमेरे, आणि वीज गेलीच तर क्षणात भार उचलणारी डिझेल जनित्रे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा काही तास कोलमडला होता. अशा प्रसंगासाठीच ही सारी सिद्धता. तथापि, या इमारतींत ठेवलेले एखादे संकेतस्थळ बंद पडायला वीज जावी लागत नाही, चोर शिरावा लागत नाही, की सर्व्हर जळावा लागत नाही. एका छोट्या संगणकीय दस्तऐवजावरची तारीख उलटली तरी पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाच्या पडद्यावर ‘आपले कनेक्शन खासगी नाही’ अशी सूचना झळकते आणि मागच्या साऱ्या यंत्रणेला अर्थ उरत नाही. तो दस्तऐवज म्हणजे संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र. जुन्या नावाने एसएसएल, नव्या नावाने टीएलएस.

या प्रमाणपत्राचे काम दुहेरी आहे. आपला ब्राउझर आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यातला संवाद मधल्या कोणाला वाचता येऊ नये, हे एक. आणि ज्याच्याशी आपण बोलत आहोत तो त्या नावाचा खरा धनी आहे, हे दुसरे. पहिले काम गणित करते; दुसऱ्यासाठी कोणीतरी हमी द्यावी लागते. ही हमी देणाऱ्या संस्थांची एक यादी ब्राउझर आणि संगणक प्रणाली बनवणाऱ्या कंपन्या बाळगतात. यादीतल्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र असेल तर पान निमूट उघडते, नसेल तर इशारा येतो. सनदी लेखापाल आणि निविदा भरणारे ठेकेदार यूएसबी टोकनमध्ये जी डिजिटल सही घेऊन फिरतात ती याच कुळातली असली तरी निराळी. तिला माहिती तंत्रज्ञान कायद्याची मान्यता पुरते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मात्र कायदा काय म्हणतो यापेक्षा क्रोम, सफारी, एज आणि फायरफॉक्स काय म्हणतात याला महत्त्व आहे. माहिती महाप्याला ठेवली तरी ती खरी मानायची की नाही, याचा निर्णय बहुतांशी अमेरिकेत होतो.

हे भारताला जुलै २०१४ मध्ये कडू अनुभवातून कळले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे ‘एनआयसी’, तेव्हा स्वतः प्रमाणपत्रे देत असे. त्याच्यावर देखरेख प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांची, म्हणजे ‘सीसीए’ची, आणि सीसीएचे नाव मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू संस्थांच्या यादीत होते. त्यामुळे विंडोज चालवणारा जगातला कोणताही संगणक एनआयसीच्या शब्दावर विश्वास ठेवत असे. २ जुलै रोजी गूगलच्या लक्षात आले, की आपल्या काही नावांची प्रमाणपत्रे एनआयसीच्या नावे परस्पर निघाली आहेत. असे प्रमाणपत्र हाती असलेला मनुष्य वाटेत बसून गूगल असल्याचे सोंग सहज आणू शकतो. दुसऱ्याच दिवशी सीसीएने एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली आणि प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत कोणीतरी घुसखोरी केल्याचे कळवले. अशी चारच प्रमाणपत्रे निघाल्याचे सांगण्यात आले. गूगलने मात्र त्यापलीकडची आपल्या पाहण्यात आली आहेत असे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने पुढे जी यादी दिली तीत गूगल आणि याहूची मिळून ४० हून अधिक नावे होती.

शिक्षा झाली ती कोणत्याही न्यायालयात नव्हे. गूगलने क्रोममध्ये एक बदल केला आणि भारताच्या नियंत्रकांचा शब्द सात डोमेनपुरता मर्यादित केला. सरकारी आणि शैक्षणिक नावे, रिझर्व्ह बँक आणि आणखी मोजकी. एका सार्वभौम देशाच्या वैधानिक प्राधिकरणाची पत एका खासगी कंपनीने चार ओळींच्या फेरफाराने कमी केली, याचा संताप येणे स्वाभाविक आहे. पण ज्याच्या हाती शिक्का त्याच्याच दारातून खोटा दाखला बाहेर पडला, हेही तितकेच खरे. आणि जगभरच्या वापरकर्त्यांच्या दृष्टीने गूगलचा निर्णय योग्यच होता. नेदरलँड्समधील डिजिनोटार या कंपनीकडून २०११ मध्ये अशीच खोटी प्रमाणपत्रे निघाली, त्यांचा वापर इराणमधील नागरिकांवर पाळत ठेवण्यासाठी झाला आणि कंपनीचे त्याच वर्षी दिवाळे वाजले. नियम सर्वांना सारखाच लागला.

त्यानंतर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये देशी ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली आणि त्यात सीसीएचे मूळ प्रमाणपत्र असलेच पाहिजे अशी अट घातली. मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीला पहिले पारितोषिक मिळाले. बेंगळुरूच्या ई-मुद्रा कंपनीने दुसरा, अधिक कष्टाचा रस्ता धरला. जागतिक निकषांवर तपासणी करून घेऊन तिने ब्राउझरवाल्यांच्या यादीत आपल्या ‘एमसाइन’ला जागा मिळवून दिली. स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून पहिला मार्ग आकर्षक आहे. पण ज्याच्या हाती क्रोम असलेला मोबाइल आहे, त्या पनवेलच्या खातेदाराच्या उपयोगाचा दुसराच.

हा झाला विश्वास कोण देतो याचा भाग. तो विश्वास टिकवायचा कोणी, हा आता त्याहून निकडीचा प्रश्न झाला आहे. कारण प्रमाणपत्राचे आयुष्य झपाट्याने घटत आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ते पाच वर्षांसाठी मिळे. मग २०१५ मध्ये ३९ महिने, २०१८ मध्ये ८२५ दिवस आणि सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या संयुक्त मंचाने ॲपलच्या प्रस्तावावर मतदान केले. विरोधात एकही मत पडले नाही. ठरले ते असे : १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. डोमेन आपलेच आहे याची एकदा केलेली पडताळणी त्या वेळी फक्त १० दिवस ग्राह्य धरली जाईल.

हे निव्वळ आडमुठेपणाने केलेले नाही. दिलेले प्रमाणपत्र मध्येच रद्द करण्याची व्यवस्था कागदावर असली, तरी ब्राउझर दर वेळी रद्द यादी तपासतोच असे नाही. डोमेनचा मालक बदलतो, नोकरी सोडून गेलेल्याकडे गुप्त किल्लीची प्रत राहते, आणि जुने प्रमाणपत्र मात्र वर्षभर खरेच मानले जाते. मुदत आखूड असली की चुकीचे आयुष्यही आखूड. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेने डिसेंबर २०१५ पासून ९० दिवसांची प्रमाणपत्रे फुकट वाटून हे काम माणसाविना होऊ शकते हे सिद्ध केलेच होते. जिथे माणूस विसरतो, तिथे यंत्राला जुंपावे, असा हा सरळ हिशेब.

माणूस विसरतो याचे दाखले थोड्याथोडक्यांचे नाहीत. ६ डिसेंबर २०१८ रोजी एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधले एक प्रमाणपत्र कालबाह्य झाले आणि ब्रिटनमधील ओ-टू कंपनीच्या सुमारे ३ कोटी २० लाख ग्राहकांची इंटरनेट सेवा दिवसभर ठप्प झाली. जपानमध्ये सॉफ्टबँकेलाही तोच फटका बसला. ३ फेब्रुवारी २०२० रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टची टीम्स सेवा याच कारणाने काही तास आडवी झाली. सर्वांत महागात पडली ती इक्विफॅक्सची कथा. या अमेरिकी पतमापन कंपनीच्या जाळ्यातील वाहतूक तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र १९ महिने संपलेले होते, त्यामुळे चोरटे आत शिरले तरी ते आंधळे होते. जुलै २०१७ च्या अखेरीस प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद हालचाल दिसली, पण तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली होती.

यावर ‘आम्ही तर क्लाउडवर आहोत’ हे उत्तर हल्ली सर्रास ऐकू येते. ते अर्धे बरोबर आहे. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई विभाग सुरू केला. मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून येथे आहे. या सेवांमध्ये प्रमाणपत्र फुकट मिळते, गुप्त किल्ली त्यांच्याच तिजोरीत राहते आणि नूतनीकरण आपोआप होते. अट एकच असते : डोमेन आपले आहे हे सिद्ध करणारी एक विचित्र दिसणारी नोंद डीएनएसमध्ये कायम राहिली पाहिजे. इथेच घोडे पेंड खाते. डोमेनचे व्यवहार एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे जातात, नवा मनुष्य साफसफाई करताना ‘ही निरर्थक नोंद कशाला’ म्हणून ती पुसतो. त्या दिवशी काहीच घडत नाही. संकेतस्थळ सुरू, देयके मंजूर, सर्व आलबेल. काही महिन्यांनी नूतनीकरणाची वेळ येते, यंत्रणा ती नोंद शोधते, तिला ती सापडत नाही, आणि ती सावधानतेचा ई-मेल पाठवते. कोणाला? खाते उघडताना ज्याचा पत्ता दिला त्याला. म्हणजे बरेचदा दोन वर्षांपूर्वी करार संपलेल्या ठेकेदाराच्या कर्मचाऱ्याला.

बाहेरून विकत घेऊन क्लाउडमध्ये चढवलेले प्रमाणपत्र तर आपोआप नवे होतच नाही, हेही अनेकांच्या ध्यानी येत नाही. तीच गत स्वतःच्या सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट बसवणाऱ्यांची. सुरक्षा तपासनीस येतो, ‘८० क्रमांकाचे पोर्ट उघडे कशाला’ असा शेरा मारतो, ते बंद केले जाते आणि त्याच दारातून होणारी पडताळणी अडते. किंवा नवे प्रमाणपत्र वेळेवर येऊन डिस्कवर बसते, पण सर्व्हरला ते पुन्हा वाचायला कोणी सांगत नाही. तो जुनेच दाखवत राहतो. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपत आल्याचे ई-मेल पाठवत असे. जून २०२५ पासून तेही बंद झाले. आणखी एक गंमत अशी, की ॲमेझॉनच्या जगभर पसरलेल्या वितरण सेवेसाठी, म्हणजे क्लाउडफ्रंटसाठी, लागणारे प्रमाणपत्र त्यांच्या उत्तर व्हर्जिनिया विभागातच असावे लागते. संकेतस्थळ मुंबई विभागात, वाचक वाशीत, आणि ओळखपत्र अमेरिकेत. प्रमाणपत्रे मुंबई विभागातच मोजणाऱ्या लेखापरीक्षकाला ते दिसणारच नाही.

मोठ्या बँकांना आणि कंपन्यांना हे सारे ठाऊक आहे. त्यांच्याकडे त्यासाठी माणसे आणि साधने आहेत. अडचण आहे ती मधल्या थराची. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, महापालिका, शिक्षणसंस्था, रुग्णालये. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे जाळे देशात सर्वांत दाट आहे आणि लाखो कुटुंबांची बचत त्यांत आहे. अशा संस्थांत प्रमाणपत्र ही आजवर खरेदीची वस्तू समजली गेली : अंदाजपत्रकात तरतूद, तीन दरपत्रके, कार्यादेश, देयक. वर्षातून एकदा हे चक्र फिरवणे शक्य होते. २०० दिवसांच्या मुदतीत ते धापा टाकू लागते आणि ४७ दिवसांत तर फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत प्रमाणपत्राचे अर्धे आयुष्य सरलेले असेल. म्हणजे ही खरेदी नसून पाणीपुरवठ्यासारखी अखंड चालणारी सेवा आहे, हे लेखा विभागाने मान्य करावे लागेल. तांत्रिक बदलापेक्षा हा बदल अवघड आहे.

जुलै २०२४ मधला एक प्रसंग त्या दृष्टीने बोलका आहे. डिजीसर्ट या बड्या कंपनीला आढळले, की आपण डोमेनची पडताळणी करताना डीएनएस नोंदीच्या सुरुवातीला लागणारी एक अधोरेखा काही वर्षे गाळली होती. एक चिन्ह! नियमानुसार अशी ८३ हजारांहून अधिक प्रमाणपत्रे रद्द करणे भाग होते आणि त्यासाठी मुदत होती २४ तास. ग्राहकांपैकी ज्यांची यंत्रणा स्वयंचलित होती त्यांनी ती बदलली. अत्यावश्यक सेवा चालवणाऱ्या ज्यांना ते जमेना त्यांना काही दिवसांची सवलत मागावी लागली. चूक विकणाऱ्याची, धावपळ घेणाऱ्याची. शनिवारी संध्याकाळी असा ई-मेल आला तर तो कोण वाचणार, एवढा एक प्रश्न प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने स्वतःच्या कार्यालयात विचारून पाहण्याजोगा आहे.

संस्थेने स्वतःची स्थिती तपासणे आता कठीण राहिलेले नाही. २०१४ च्या एनआयसी प्रकरणात खोटी प्रमाणपत्रे दिसली ती गूगलसारख्या बलाढ्य कंपनीला. एप्रिल २०१८ पासून क्रोमने नव्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक नोंदवह्यांत असण्याची सक्ती केली. परिणामी बेलापूरच्या एखाद्या पतसंस्थेलाही आपल्या नावाने जगात कोणी, केव्हा, कोणते प्रमाणपत्र काढले हे पैसाही न मोजता पाहता येते. आपल्या डोमेनसाठी अमुकच संस्थेने प्रमाणपत्र द्यावे, अशी नोंदही डीएनएसमध्ये करता येते. दोन्ही गोष्टी अर्ध्या तासाच्या आहेत. त्या करणे कोणाच्याही कामाच्या यादीत नसते, एवढेच.

आणि सर्वसामान्य ग्राहकाचे काय? त्याला वर्षानुवर्षे सांगितले गेले की कुलपाचे चिन्ह पाहा आणि निर्धास्त व्हा. हा सल्ला आता घातक ठरतो. कुलूप एवढेच सांगते, की संवाद बंद पाकिटातून चालला आहे; पाकीट उघडणारा प्रामाणिक आहे असे ते सांगत नाही. फुकट प्रमाणपत्र भामट्यालाही मिळते आणि बँकेची हुबेहूब नक्कल करणाऱ्या पानांवरही कुलूप असते. हा गैरसमज ओळखून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले. रिझर्व्ह बँकेने यावर अधिक समंजस उपाय योजला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने फक्त बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन जाहीर केले, नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपवले आणि स्थलांतरासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बँक खरी की खोटी हे आता पत्त्याच्या शेपटावरून कळावे, अशी ही योजना. नव्या नावासाठी प्रत्येक बँकेला नवे प्रमाणपत्र घ्यावे लागले. नावाच्या बदलाची जाहिरात झाली. त्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची जबाबदारी कोणाच्या नावे लिहिली गेली, हे ग्राहकाला दिसत नाही.

ग्राहकाला दिसतो तो इशारा. आणि आपल्याकडे त्यावर ठरलेला तोडगा आहे : ‘प्रगत’ वर टिचकी मारा, ‘तरीही पुढे जा’ निवडा. भरणा केंद्रावरचा कर्मचारी हे शिकवतो, महाविद्यालयाचा प्रवेश अर्ज भरून देणारा सायबर कॅफेवाला शिकवतो. संकेतस्थळ खरे असते, तारीखच काय ती उलटलेली असते, काम होते. पण ज्या दिवशी वाटेत खरोखरच कोणी बसलेला असतो, त्या दिवशीही पडद्यावर जवळपास हाच इशारा येतो आणि बोट सवयीने त्याच जागी पडते. म्हणून एखाद्या संस्थेचे प्रमाणपत्र दोन दिवस कालबाह्य राहिल्याने झालेले नुकसान त्या दोन दिवसांच्या बंद सेवेत मोजता येत नाही. त्या संस्थेने आपल्या ग्राहकांना फसवणुकीचा सराव करून दिलेला असतो. याची भरपाई मागण्याची सोय कोणत्याही करारात नाही.

संकेतस्थळांच्या देखभालीचे करार साधारणतः तीन ते पाच वर्षांचे असतात. मार्च २०२६ नंतर सही झालेला तीन वर्षांचा करारही १५ मार्च २०२९ ओलांडून पुढे जातो. त्या कराराच्या कलमांत ‘एसएसएल प्रमाणपत्र, नग एक, मुदत एक वर्ष’ अशी ओळ असेल, तर ती वस्तू आता बाजारात मिळत नाही.